सूनरडवी आणि नोल्फाचा येर्को

नोल्फाचा येर्को मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो अकरा दिवसांचा होता आणि बटाट्यांच्या टोपलीत झोपला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण याच पोराने पुढे कास्त्रो शहरातल्या शाळेत छातीठोकपणे सांगितलं की आपण जन्मात कधी बटाट्याला हात लावलेला नाही.

मी उबेरलिंदा. चिलोए बेटावर दालकावे हे आमचं गाव. बंदरालगत, पाण्यात खांब रोवून बांधलेल्या लाकडी बाजारात आम्ही आठ-दहा बायका खानावळी चालवतो. पाच नंबरचा गाळा माझा, सहा नंबरचा नोल्फाचा. मध्ये एक आडवी फळी आहे, तीही नावालाच, खाली सगळं मोकळं. ती तिकडे शिंकली की मी इकडून तिला काढा सांगते. तिचा नवरा दक्षिणेला मासेमारीच्या बोटीवर गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून ती, येर्को आणि बटाटे. रोज सकाळी शाळेच्या बसआधी मायलेक अर्धं पोतं सोलायचे, किसायचे, फडक्यात घालून पिळायचे, आणि मग नोल्फा त्याच्या जाड पुऱ्या, आमच्याकडचे मिल्काव, थापून तळायची. तिचं एक वेड होतं. साल इतकी पातळ निघाली पाहिजे की तिच्यातून खिडकी दिसावी. जाड साल दिसली की पोराच्या बोटांवर सुरीची मूठ बसायची. "डुकरांसाठी सोलतोयस का रे?" हे वाक्य मी फळीपलीकडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

चौदाव्या वर्षी येर्को कास्त्रोच्या मोठ्या शाळेत जायला लागला. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणालं, याच्या स्वेटरला तळणाचा वास येतो. झालं! साहेबांनी ठोकून दिलं, "येणारच. माझ्या आईचं रेस्टॉरंट आहे. पांढरे टेबलक्लॉथ, दोन वेटर, आणि आचारी थेट राजधानीतून, सांतियागोहून आणलाय." अरे देवा! नोल्फाच्या टेबलांवर फुलाफुलांचं प्लास्टिक आहे, आणि वेटर म्हणाल तर तिचे दोन हात. पण थाप मारली ती मारली, आणि मग दोन वर्षं तो ती सांभाळत बसला. रविवारी वर्गातली मुलं बाजारात जेवायला आली की हा फळीखाली दडायचा. मी मुद्दाम ओरडायची, "नोल्फा, तुझ्या फळीखाली मांजर शिरलंय गं!" की खालून माझ्या घोट्याला चिमटा बसायचा.

नोल्फाला यातलं काही ठाऊक नाही, असं मी धरून चालले होते. तिला मी सांगितलंही नाही. सांगणार काय? तुझ्या पोराला तुझी लाज वाटते म्हणून? माझ्या तोंडाला हाड नाही असं सगळा बाजार म्हणतो, पण एवढं मी गिळलं होतं.

तर त्या वर्षी वर्गाची अभ्यास-सहल पेरूला निघाली. आमच्याकडे शाळेच्या शेवटून दुसऱ्या वर्षाला अशी सहल असतेच, आणि वर्षभर मुलं त्यासाठी लॉटरी काय, केक काय, काय काय विकत असतात. कुस्को शहर पाहायचं, आणि मग चार दिवस वायरापुक्यो नावाच्या डोंगरावरच्या खेड्यात राहायचं. हे खेडं शोधून काढलं शेतीच्या ओयार्सून सरांनी. मुलं बिचारी बटाट्यांपासून दूर जायला मिळणार म्हणून खूश होती, आणि सर त्यांना अशा गावी नेत होते जिथे दुसरं काही पिकतच नाही. मुलींबरोबर एक मोठी बाई हवी होती. नोल्फा गाळा सोडून जाऊ शकत नव्हती. मला ना मूल ना बाळ, दोन नवरे पोचवून झालेले, आणि भाचीला गाळ्यावर बसवता येत होतं. नोल्फा म्हणाली, "तू जा उबे. माझ्या पोराकडे बघ."

बस सुटायच्या आधी पोराने मला शौचालयाच्या भिंतीआड गाठलं.

"मावशी, एक विनंती आहे."

"बोल."

"तिकडे कोणी विचारलं ना, तर आईच्या गाळ्याचं काही सांगू नकोस. मी तुला ओळखतो तो फक्त गावातली म्हणून."

"बरं. आणि माझ्या बॅगा कोण उचलणार?"

"मावशी!"

"दोन आहेत. आणि एक गाठोडं."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की कच्चा खाईल. पण उचलल्या. बसमध्ये, विमानतळावर, कुस्कोच्या त्या दगडी चढांवर, दहा दिवस पोरगं माझा हमाल झालं होतं. आणि मी कसली गुणाची! कधी तो त्या अनाइस नावाच्या मुलीशेजारी ऐटीत बसला, की मी लांबूनच हाक मारायची, "येर्को, तुमच्या त्या सांतियागोच्या आचाऱ्याला बटाटे कोणते लागतात रे?" पोरगं कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. मला मजा यायची, खोटं कशाला बोलू. पण आत कुठेतरी रागही होता. नोल्फाच्या बोटांना वर्षातले बारा महिने भेगा असतात, त्या मी रोज पाहते.

रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जायचं आमच्यात नाही. म्हणून मी धुरी देऊन सुकवलेल्या, कवच काढलेल्या शिंपल्यांच्या दोन माळा घेतल्या होत्या. विमानतळावर खाण्याचं सामान तपासतात हे कळल्यावर त्या मी शालीखाली गळ्यात घातल्या. तपासणीवाल्याने विचारलं, "बाई, हे काय?" म्हटलं, "आमच्याकडचा दागिना." तो वास घेऊन दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "जा." कुस्कोत तीन दिवस गल्लीतली सगळी कुत्री माझ्यामागे होती. ओयार्सून सर म्हणाले, पेरूच्या लोकांना तुम्ही फार आवडलेल्या दिसता.

वायरापुक्योला पोचलो आणि आमची जिरली. आम्ही समुद्राच्या काठची माणसं. तिथे चार पायऱ्या चढलं की छाती भात्यासारखी वर-खाली. आमच्या पोरांनी गावातल्या पोरांशी फुटबॉल खेळून नऊ गोल खाल्ले. गोलकीपर तर पहिल्या अर्ध्या तासात मैदानातच आडवा झाला होता. गावाची कर्तीसवरती बाई म्हणजे सातुका आजी. सत्तरीची, माझ्या खांद्याएवढी उंची, डोक्यावर टोपी, आणि जीभ माझ्यासारखीच. मी गळ्यातली माळ काढून तिच्या गळ्यात घातली, तिने वास घेतला, एक शिंपला तोडून चावला, आणि त्या क्षणापासून आमची गट्टी जमली.

तिसऱ्या दिवशी घोळ झाला, आणि तो केला आमच्या सरांनी. अंगणात सगळं गाव बसलेलं, समोर गोधडीवर शेकडो जातींचे बटाटे मांडलेले, निळे, लाल, काळे, वाकडे. सरांना राहवलं नाही. चिलोएचा माणूस बटाटा दिसला की गप्प बसेल तर शपथ! उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्याला सांगायला अभिमान वाटतो, की जगात आज जो बटाटा खातात त्याची आई आमचं बेट आहे."

कुठे बोलतोय हा बाबा! मी त्यांच्या पँटला खालून ओढलं, पण तीर सुटला होता.

सातुका आजी सावकाश उठली. "आई?" ती म्हणाली. "सर, तुमचा बटाटा आमच्या लामाच्या पाठीवरून घरंगळला असेल. तो गेला खाली समुद्रापर्यंत. त्याला तुम्ही उचललंत, चांगलं केलंत. पण आई?" बायका खुदुखुदू हसायला लागल्या. "बरं, बघू या. लेकराला आईचा हात कळतो." आणि तिने टोपलीतून एक बटाटा काढला.

असला बटाटा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मुठीएवढा, पण नुसत्या गाठी आणि खळगे. त्याचं नाव त्यांच्या भाषेत जे आहे त्याचा अर्थ सूनरडवी. पूर्वी म्हणे सून पसंत करायची तर सासू तिच्या हातात हा ठेवायची. गर न घालवता, गाठ न मोडता सोलला तर पोरगी पास. बहुतेकजणी रडायच्या, म्हणून हे नाव. आता लग्नं अशी जुळत नाहीत, पण खेळ राहिलाय.

"तुमच्यातल्या एकीने जरी सोलला," सातुका आजी म्हणाली, "तर आम्ही म्हणू, बटाट्याला दोन आया. नाही जमलं, तर सरांनी त्या डोंगराकडे तोंड करून मोठ्याने सांगायचं, की आम्ही चुकलो."

मी बाह्या सरसावून उठलेच. सातुका आजीने मला खाली बसवलं. "बिनलग्नाच्यांनीच. दोन नवरे जेवून बसलेली बाई सून कसली?" सगळं अंगण हसलं. मीही हसले, काय करणार.

आमच्या मुली एकेक करून पुढे आल्या. आजकालच्या मुली, घरी सोलाणं वापरतात. पहिलीने गाठी सपासप कापून टाकल्या. दुसरीच्या हातात शेवटी लिंबाएवढा गोळा उरला. तिसरी अनाइस. तिने दात-ओठ खाऊन सुरुवात केली, दुसऱ्याच गाठीला अंगठा कापला, तरी सोडेना. रक्त पुसते आणि सोलते. गावच्या बायका आता उघड हसत होत्या आणि अनाइसच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. सरांचा चेहरा पडला होता. ते मनात त्या डोंगराला सांगायची वाक्यं जुळवत असावेत.

मी येर्कोकडे पाहिलं. तो खिशात हात घालून बसला होता, पण हात खिशात गप्प नव्हते. पँटच्या आत बोटं वळवळताना मला दिसत होती. त्याची नजर अनाइसवर नव्हतीच, तिच्या पायाशी पडणाऱ्या सालींवर होती. एक जाड साल पडली. तो चुळबुळला. दुसरी पडली, तिला बोटभर गर चिकटलेला. आणि पोरगं उसळलं:

"अगं ए, डुकरांसाठी सोलतेयस का?"

आवाज त्याचा, पण सूर शंभर टक्के नोल्फाचा. अनाइस बघतच राहिली. येर्कोने तिच्या हातातून सुरी काढून घेतली, टोपलीतून नवी सूनरडवी उचलली आणि मांडी घालून बसला. मग भानावर आला. समोर वर्ग, भोवती गाव, हातात सुरी. मला वाटलं, आता टाकतो आणि पळतो. पण हातात बटाटा आला होता ना. बटाटा हातात आल्यावर ते हात त्याचे राहत नाहीत, आईचे होतात.

सुरी हलवतच नव्हता तो. सुरी धरून बटाटा फिरवत होता, अंगठ्याने जरा जरा पुढे सारत. गाठ आली की मनगट वळायचं, खळगा आला की सुरीचं टोक नुसतं आत डोकावून यायचं. सालीची एकच लांब पट्टी त्याच्या गुडघ्यावरून खाली उतरत गेली. कोणी हसेना. सातुका आजी वाकून बघत होती. शेवटची गाठ झाली आणि सोललेला बटाटा जसाच्या तसा त्याच्या तळहातावर बसला होता, सगळ्या गाठींसकट, पांढराशुभ्र. आजीने साल उचलली आणि उन्हात धरली. तिच्यातून पलीकडचं छप्पर दिसत होतं.

"सून पास!" आजी ओरडली, आणि मग जो गोंधळ उडाला! बायकांनी टाळ्या पिटल्या, एकीने त्याच्या डोक्यावर आपली टोपी ठेवली, दुसरीने विचारलं, सूनबाईंना कोणाच्या घरी पाठवायचं. आमची पोरं तर जमिनीवर लोळत होती. "सूनबाई! सूनबाई येर्को!" येर्कोने मान खाली घातली, पण ओठांचे कोपरे वर चालले होते. मला वाटलं, सुटला. थट्टेवर निभावलं.

"थांबा," सातुका आजी म्हणाली. "अजून हंडीत पडला नाही. पोरा, आता नाव सांग. हा हात कोणाचा आहे?"

येर्कोचे ओठ मिटले. "कोणाचा नाही. आपोआप येतं."

"आपोआप फक्त खोकला येतो," आजी म्हणाली. "ज्याने शिकवलं त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, सगळ्यांनी ऐकायचं, मगच आम्ही बटाटा उकळतो. नाव न घेतलेला बटाटा आम्ही खात नाही."

येर्कोने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. 'मावशी, तूच शिकवलंस म्हण ना,' एवढंच त्या नजरेत होतं. मी नुसती मान हलवली असती तर काम झालं असतं. मीही बटाटे सोलते, गावातली बाई आहे, कोणाला शंका आली नसती. आणि आता दहा वर्षं झाली म्हणून सांगते, मान हलणारच होती. पोराची दया आली मला. पण मला नोल्फाच्या भेगा आठवल्या. गप्प राहीन असं मी कबूल केलं होतं. तिचं नाव चोरीन असं नव्हे. मी तिकडच्या कोकाच्या पानांच्या चहाचा पेला तोंडाला लावला आणि त्यात नाक बुडवून बसले.

पेल्यातला चहा संपला तरी मी पीतच होते.

"माझ्या आईचा," येर्को म्हणाला. मग उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, मोठ्याने. "नोल्फा बारिया. दालकावेचा बाजार, सहा नंबरचा गाळा. रोज सकाळी आम्ही दोघं अर्धं पोतं सोलतो. आचारी नाही. वेटर नाहीत. मी थापा मारत होतो."

मग अनाइस, अंगठ्याला फडकं बांधलेलं, म्हणाली, "सहा नंबर? म्हणजे ते फळीखालचं मांजर तू होतास?"

हसायला पहिला येर्कोच लागला. मग काय, सगळेच. सातुका आजीने बटाटा हंडीत टाकला. आणि पुसटसं काहीतरी पुटपुटून मला म्हणाली, "त्या बाईला कळायला हवं. सून पास झाली की निरोप आईला जातो. आत्ताच्या आत्ता."

फोनला रेंज फक्त गावामागच्या टेकडीवर. सगळी वरात निघाली, पुढे आजी, मागे आम्ही. मी वर पोचले तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. सरांचा फोन, आवाज सगळ्यांना ऐकू यावा असा लावलेला. आमच्याकडे तेव्हा दुपारच्या जेवणाची गर्दी असणार. घंटी वाजली, नोल्फाने उचलला, मागे कढईचा आवाज.

येर्को तोंड उघडायच्या आत आजीने फोन हिसकावला आणि ओरडली, "बाई, तू धाडलेली सून आम्हाला पसंत आहे!"

"सून?" नोल्फा. "कोणाची सून? कोण बोलतंय? उबे! उबे, माझ्या पोराने तिकडे काय करून ठेवलंय? सोळा वर्षांचा आहे हो तो! उबे, बोल ना, मेलीस का?"

मला सांगायचं होतं, पण दम आणि हसू दोन्ही एकदम आलं, आणि मी नुसतीच हुंदक्यांसारखे आवाज काढत राहिले. नोल्फाला वाटलं मी रडतेय. तिने तिकडे सगळ्या देवांना हाका मारल्या.

"आई, बटाटा सोलला फक्त!" येर्कोने कसाबसा फोन घेतला. सगळं सांगितलं. तिकडून एक लांब निःश्वास आला आणि पाठोपाठ एक शिवी, ती इथे नको. मग येर्को म्हणाला, "आई, आणखी एक आहे. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं की आपलं..."

"सांतियागोचा आचारी," नोल्फा म्हणाली. "ठाऊक आहे."

येर्कोचं तोंड उघडंच राहिलं. "तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या शाळेतल्या एक बाई आल्या होत्या जेवायला. गेल्या उन्हाळ्यात. मला विचारलं, येर्को बारियाच्या आईचं रेस्टॉरंट ते कुठलं? दोन वेटर असलेलं."

"मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, हेच. मालकीणबाई बाहेरगावी गेल्यात. मी इथली भांडी घासणारी."

तिने हे अगदी सहज सांगितलं. मागे कढई तडतडत होती, कोणीतरी मीठ मागत होतं. एका फळीच्या अंतरावर मी राहते, आणि मला पत्ता नव्हता. माझं हसू तिथेच विरलं, आणि मग मी खरंच रडले. येर्को दगडावर बसला.

"अरे ऐकतोयस ना?" नोल्फा म्हणाली. "तिकडे गार असेल, कान झाक. ठेवते मी, दोन टेबलं खोळंबलीत." आणि ठेवला.

येर्को त्या बंद फोनकडे बघत बसला. बाहीने नाक पुसलं. सातुका आजी काहीतरी म्हणायला पुढे झाली, मी तिला दंड धरून थांबवलं. त्याने पुन्हा तोच नंबर लावला.

"आता काय?" नोल्फा करवादली.

"हॅलो," येर्को म्हणाला. आवाज फाटला होता, तरी त्याने तो साहेबी केला. "सहा नंबर ना? जरा मालकीणबाईंना द्या."

तिकडे कढई गप्प झाली, बहुतेक तिने खाली उतरवली असावी.

"मालकीणच बोलतेय," नोल्फा म्हणाली. "कोण आपण?"

"भांडी घासायला माणूस हवाय का, विचारायचं होतं."

"हवाय," नोल्फा म्हणाली. "शनिवारी सकाळी सहाला ये. आणि उशीर मला चालत नाही."